पाचव्या खोलीचं डावं दार

थोरली कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवत, त्यावरून ती प्लास्टरचा साचा काढी, गुलाबी मेणात एकेक दात बसवी आणि तयार कवळी परत धाडून देई. अठ्ठावीस वर्षं हेच काम. तिच्या हातचे दात घेऊन शेकडो माणसं जेवत होती, हसत होती, भांडत होती. त्यांतल्या एकालाही तिनं पाहिलं नव्हतं. पाहावं असं कधी वाटलंही नव्हतं.

धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, लिफ्ट तपासायचा. इमारतींमधून हिंडायचं, दोर, ब्रेक, दारं बघायची आणि ठीक असेल तर शिक्का मारायचा. बोलण्यात पटाईत. दोन मजले चढेपर्यंत तो अनोळखी माणसाशी ओळख काढायचा आणि चौथ्या मजल्यावर त्याच्या मुलाचे मार्क विचारायचा.

एका बुधवारी त्याचा फोन आला तेव्हा थोरली वरच्या जबड्याचे सुळे बसवत होती.

"ताई, बसलीयेस ना?"

"उभं राहून कोण दात लावतं?"

"अगं, 'सात दारं' सापडलं!"

तिला क्षणभर काही कळेना. मग मेणाची सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "आपलं?"

"आपलंच. आहे कुठे दुसरं!"

झालं होतं असं, की एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारे एक गृहस्थ होते. त्यांना जुने घरगुती कॉम्प्युटर जमवण्याचा नाद होता. टीव्हीला जोडायचे ते, रबराच्या बटणांचे, कॅसेटवरून चालणारे. विजेच्या सामानाचं एक दुकान बंद होत होतं, तिथल्या कपाटात त्यांना हातानं नाव लिहिलेली एक कॅसेट मिळाली. त्यांनी ती लावली. पाच मिनिटं टेपरेकॉर्डर किंचाळला आणि पडद्यावर अक्षरं आली : 'सात दारं'. खाली धाकट्याचं नाव, आडनावासकट. गृहस्थांनी त्याला हुडकून काढलं आणि कॉलेजातल्या प्रदर्शनात चार शब्द बोलायला बोलावलं.

"तू येच," धाकटा म्हणाला. "मी बोलणार आहे. माझी लेकही येतेय."

थोरली "बघते" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं सुळा पुन्हा हातात घेतला, पण तो काही केल्या सरळ बसेना.

तो कॉम्प्युटर बाबांनी आणला होता. बाबा जहाजावर नोकरीला होते आणि वर्षातून एकदा घरी येत. त्या वर्षी थोरलीला मनगटी घड्याळ मिळालं आणि धाकट्याला त्याच्या दहाव्या वाढदिवसाला कॉम्प्युटर. ती चौदा वर्षांची होती. घड्याळ चांगलं होतं, तिची तक्रार नव्हती. पण कॉम्प्युटरबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, आणि धाकटा खेळात रमला तसं ते पुस्तक थोरलीकडे आलं. महिन्याभरात तिनं ते दोनदा वाचलं. मग शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर ती स्वतःच प्रोग्राम लिहू लागली.

अडचण एकच होती. धाकटा तिला बटणांना हात लावू देत नसे. "माझा आहे," एवढंच म्हणे, आणि दोन्ही हातांनी मशीन पोटाशी धरून बसे. आईनं समजावलं, डोळे वटारले, एकदा पाठीत धपाटाही घातला. पण गडी बधला नाही. शेवटी तडजोड झाली. थोरली पलंगावर वही घेऊन बसायची आणि मोठ्यानं सांगायची. धाकटा जमिनीवर टीव्हीसमोर बसून दोन बोटांनी टाइप करायचा. "दहा... स्वल्पविराम... नाही रे, अर्धविराम नव्हे." संबंध उन्हाळ्याची सुट्टी अशी गेली. त्यातून 'सात दारं' तयार झालं : सात खोल्या, प्रत्येकीत एक किल्ली, आणि वाटेत नाना प्रकारचे प्राणी. प्राण्यांची चित्रं धाकट्यानं चौकटीच्या कागदावर काढली होती. नाव घालायची वेळ आली तेव्हा टाइप करणारा तोच होता. त्यानं आपलं नाव घातलं. थोरलीनं ते पाहिलं आणि मनात म्हणाली, असू दे, लहान आहे.

पुढे ती दातांकडे वळली आणि तो लिफ्टकडे. कॉम्प्युटर कॅसेटसकट कुणाला तरी देऊन टाकला. पण "तुझ्या वयाचा असताना मी कॉम्प्युटरचा खेळ लिहिला होता" हे वाक्य धाकट्याच्या घरात जेवताना आठवड्यातून एकदा तरी वाढलं जाई. थोरली समोर असली तर आमटी मागून घेई.

प्रदर्शन रविवारी सकाळी होतं. लांबलचक हॉलमध्ये टेबलं मांडलेली, त्यांवर जुने डबडे टीव्ही, त्यांच्यापुढे ती पिटुकली मशीनं. पन्नाशीचे बाप्ये लहान मुलांना बाजूला सारून खेळत होते आणि त्यांच्या बायका भिंतीशी पर्सा सांभाळत उभ्या होत्या. थोरलीला मशीन आठवणीपेक्षा लहान वाटलं, एवढंच. एका टेबलावर कॅसेटचं ते किंचाळणं सुरू झालं तेव्हा मात्र ती थबकली. सूर चढेपर्यंत थांबली आणि मग पुढे गेली.

धाकट्यानं इस्त्रीचा कोट घातला होता. बोलला झकास. बाबांचं जहाज, रबराची बटणं, मेमरी एवढी कमी की आज एका फोटोलासुद्धा पुरायची नाही, असं सगळं सांगितलं. लोक हसले. भाची मोबाइलवर बापाचं चित्रण करत होती. "माझी ताईपण तिथेच असायची," तो म्हणाला आणि मागच्या रांगेकडे हात केला. "मला सोबत करायची."

थोरलीनं मान हलवली.

मग प्रश्न सुरू झाले. चष्मा लावलेली एक बाई उठली. गृहस्थांनी जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या गटात तो खेळ पाठवल्यापासून तिनं तो शंभरेक वेळा खेळला होता म्हणे. "पाचव्या खोलीत डावीकडे दार दिसतं, पण ते उघडत नाही. आमच्या गटात यावर फार वाद आहेत. कुणी म्हणतं तिथं दहा मिनिटं उभं राहायचं, कुणी म्हणतं सगळ्या किल्ल्या उलट क्रमानं घ्यायच्या. मी दोन्ही करून पाहिलं. नक्की काय आहे?"

धाकट्यानं कोटाची बाही ओढली. "ते... म्हणजे कसं, ती एक गंमत होती," तो म्हणाला. "थोडं गूढ ठेवायचं!"

"पण प्रोग्राममध्ये तिथं ओळींचे आकडे तुटलेत," बाई सोडायला तयार नव्हती. "चारशे दहानंतर एकदम पाचशे वीस. मधलं काय झालं?"

धाकटा ततपप करू लागला. वेळ मारून नेणं हा त्याचा हातखंडा, पण आकड्यांपुढे त्याची मात्रा चालेना. थोरलीनं ठरवून काही केलं नाही. कुणी हातातून भांडं सोडलं की आपला हात आपोआप पुढे जातो, तसं तिच्या तोंडून निघालं.

"जागा संपली होती."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"मेमरी भरली होती," ती बसूनच म्हणाली. "आणि ह्याला गोगलगाय हवी होती. शिंगं हलवणारी. म्हणजे एक नाही, दोन चित्रं बसवायची. मग मी डाव्या दाराच्या ओळी खोडल्या. दाराचं चित्र आधीच काढलेलं होतं, ते तसंच राहिलं. त्यामागे आठवी खोली होती."

"म्हणजे खेळाचं नाव..."

"नाव नंतर दिलं. खोल्या मोजून."

चष्मेवाली बाई खाली बसली आणि लगेच पुन्हा उठली. "गोगलगायीसाठी?" तिनं विचारलं.

"फार रडत होता," थोरली म्हणाली.

लोक हसले, टाळ्याही पडल्या. धाकटाही हसला, पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. ते फक्त थोरलीला आणि भाचीला दिसलं. भाचीनं मोबाइल खाली केला.

कार्यक्रमानंतर कॅन्टीनमध्ये भावंडं चहा घेऊन बसली. धाकट्यानं चहात साखर घालून ढवळली.

"म्हणजे तू लिहिला होतास," तो म्हणाला.

"टाइप तू केला होतास."

"टाइप काय, कुणीही करतं. ताई, देवाशप्पथ सांगतो, मला आठवतंय गं. बटणांवर माझी बोटं होती. एकेक अक्षर मी दाबलंय. मी खोटं नव्हतो बोलत."

"माहितीय मला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

थोरलीनं विचार केला. खरं उत्तर असं होतं, की तिला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, आणि ज्या थोड्या वेळा वाटलं होतं त्या वेळी बोलणं क्षुद्रपणाचं वाटलं होतं. हे सांगायला लांबलचक झालं असतं. "आमटी थंड झाली असती," ती म्हणाली.

तो हसला नाही. "आता लेकीला काय तोंड दाखवू?"

एवढ्यात प्रयोगशाळेचे ते गृहस्थ कागदांचा गठ्ठा आणि टेबलावरची पाटी घेऊन आले. त्यांनी सगळा प्रोग्राम छापून आणला होता. पाटीवर काय लिहायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी पेन पुढे केलं. धाकट्यानं पेन थोरलीपुढे सरकवलं, तिनं त्याच्यापुढे. अखेर तो उठला, छापील कागद उचलून काखेत मारले आणि "मला एक लिफ्ट बघायचीय" म्हणून चालता झाला. रविवार होता. गृहस्थांनी मग आपल्याच मनानं पाटीवर दोघांची नावं लिहिली, थोरलीचं आधी.

सोळा दिवस त्याचा फोन आला नाही. थोरलीनंही केला नाही. तिला वाईट वाटत होतं, पण ते दाढदुखीसारखं नव्हतं; जिभेला नवी कवळी टोचते तसं होतं, सवय होईल असं. एकदा भाचीचा फोन आला. "बाबा रोज ते कागद घेऊन बसतात, आत्या," ती म्हणाली. "आणि वैतागतात. मी विचारलं काय ते, तर म्हणाले, समजलं की सांगतो."

सतराव्या दिवशी दुपारी धाकटा तिच्या वर्कशॉपमध्ये आला. लिफ्टवाल्यांचा निळा डगला, काखेत तोच गठ्ठा. कोपरे आता दुमडलेले. प्लास्टरच्या जबड्यांची रांग सरकवून त्यानं टेबलाच्या टोकाला जागा केली, स्टूल ओढलं आणि खिशातून पेन्सिल काढली.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "मी टाइप केलंय, पण मला ओ की ठो कळलेलं नाही. लेक विचारते. तिला म्हटलं, मी शिकून सांगतो."

"सगळं?"

"सगळं."

थोरलीनं मेण वितळवायचा दिवा बारीक केला. "ओळ दहा वाच."

तो वाचू लागला. तिला कागद बघावा लागला नाही, निदान सुरुवातीला तरी. ती मेणात दाढा बसवता बसवता सांगत होती आणि तो समासात लिहून घेत होता. कुठं किल्ली ठेवली हे कसं लक्षात ठेवायचं, भिंत आली की मागे कसं यायचं. मधेच त्यानं "थांब, थांब" म्हणून तिला परत मागे नेलं. एकदा तो म्हणाला, "हे भारी केलंस हं," आणि तिला कानांपर्यंत ऊन आल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत त्या ओळीला कुणी बरं म्हटलं नव्हतं.

दोनशे सत्तर नंबरच्या ओळीला तो अडला. "ही एकपासून सदतीसपर्यंत मोजते. मग?"

"मग काही नाही."

"काही नाही म्हणजे? नुसतीच मोजते?"

थोरलीनं कागद हातात घेतला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, मागची ओळ पाहिली, पुढची पाहिली. सदतीसच का, छत्तीस का नाही, ते तिला कळेना.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"तू लिहिलंयस ना?"

"लिहिलंय. पण का, ते नाही सांगता येत."

धाकट्यानं तिच्याकडे बघितलं. मग त्या ओळीसमोर, समासात, त्यानं नीट अक्षरात लिहिलं : 'माहीत नाही'. पेन्सिल कानावर खोचली, अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली. चार वाजता डॉक्टरांचा माणूस कवळी न्यायला यायचा होता. तोवर त्यांची तीन पानं झाली. अकरा राहिली होती.