हातावर पाणी

मित्रांनो, हसू नका. औशाच्या एका घरात, काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या फुलांशेजारी कित्येक वर्षं जो गप्प बसून होता, तो पोटफुगा पितळी तांब्या म्हणजे मीच. पण साधा नव्हे बरं, फिरकीचा! माझ्या गळ्याला आटे आहेत. त्यांवर झाकण फिरवून घट्ट बसवलं की मला उलटा धरला तरी थेंब सांडत नाही. झाकण काढलं की त्याचाच पेला होतो. तुमच्या त्या रंगीबेरंगी बाटल्यांचा आजोबा कोण, असं कुणी विचारलं तर खुशाल माझं नाव सांगा.

मला घडवलं नांदेडच्या एका तांबटानं. त्यानं मला इतकं ठोकलं की विचारू नका, पण त्या ठोकण्यानंच मला पोट आलं आणि गळा आला. बिलोलीच्या एका माउलीनं मला लेकीच्या लग्नासाठी विकत घेतलं आणि माझ्या पोटावर अक्षरं कोरून घेतली: ‘सौ. महानंदा, मु. औसा, जि. उस्मानाबाद. आईकडून.’ लग्न झालं, वरात औशाला आली आणि त्याच पावसाळ्यात सरकारनं लातूर जिल्हा वेगळा केला. औसा लातूरकडे गेलं. गावभर गुलाल उधळला, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. माझं पोट मात्र तसंच राहिलं. आजही माझ्यावर जुनाच जिल्हा आहे. विरूपाक्षअप्पा, म्हणजे महानंदाचे यजमान, मला चिडवायचे, “ह्यो तांब्या अजून उस्मानाबादलाच राहून राहिलाय.”

मी तिच्या माहेरचा. त्यामुळे घरात अप्पांना सगळे अहो-जाहो करत असले तरी महानंदाला मी अगं-तुगंच म्हणतो. ती कुठेही निघाली की मी तिच्या पिशवीत असायचो. बाळंतपणाला बिलोलीला, यात्रेला कपिलधारला, गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला. बसमध्ये कुणाचंही पोर रडायला लागलं की ती झाकणाचा पेला भरायची आणि पुढे करायची. कुणाचं पोर, कुठल्या गावचं, हे तिनं कधी विचारलं नाही. किल्लारीला भूकंप झाला त्या सकाळी अप्पा मला घेऊन जीपमध्ये बसले. त्या दिवशी मी किती ओठांना लागलो ते मला आठवत नाही. पाणी पिऊन लोक नुसते माझ्याकडे बघत बसायचे. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात जड दिवस होता, आणि तेव्हाच मला कळलं की मी कशासाठी आहे.

या घरात एक रीत होती. पाहुणा आला की जेवणाआधी त्याच्या हातावर पाणी घालायचं. हे काम माझं आणि महानंदाचं. ती मला तिरपा करायची, मी बारीक धार सोडायचो आणि पाहुणा हात चोळायचा. दिराच्या, नणदेच्या, व्याह्यांच्या, अप्पांच्या धान्याच्या अडतीवरच्या माणसांच्या हातांवर आम्ही दोघांनी पाणी घातलं. तिच्या हातावर मात्र कुणी कधी घातलं नाही. ती पाहुणी थोडीच होती?

पुढे बाटल्या आल्या. मग माझी रवानगी कपाटात झाली. पाहुणे मला बघून म्हणायचे, “अरे वा, ॲन्टिक पीस!” मित्रांनो, पाण्याच्या भांड्याला शोपीस म्हणणं म्हणजे बैलाला रांगोळीत उभं करण्यासारखं आहे. मला फार वाईट वाटायचं. दर महिन्याला महानंदा मला चिंचेनं घासायची, तेवढाच काय तो स्पर्श.

मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. बोअर आटले, नळ कोरडे झाले. घरातल्या हंड्या-कळश्यांपासून वाटीपर्यंत सगळ्या भांड्यांना बोलावणं आलं. माझंही कपाट उघडलं. खोटं कशाला बोलू, दुष्काळात सगळे रडत होते आणि मी मनातून खूश होतो. आता त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटलं खरं.

शेजारी दिलशाद राहायची. तिचे यजमान निजामोद्दीन कल्हई करायचे. ते गेल्यावर ती शिलाईवर घर चालवत होती. दोन्ही घरांत एकच भिंत आणि त्या भिंतीत एक कोनाडा आरपार होता. त्यातून या घरचं वरण तिकडे जायचं, तिकडचा शिरखुर्मा इकडे यायचा. त्या उन्हाळ्यात त्यातून पाणी जाऊ-येऊ लागलं. ज्यांच्याकडे टँकर आधी येईल त्यांनी दुसऱ्याला द्यायचं.

अशा दिवसांत एका संध्याकाळी अप्पा दुकानातून आले ते हातात चकचकीत कागद घेऊनच. वर भलंमोठं पांढरं जहाज होतं. शेजारच्या अडतीचे शिवप्पा एका क्लबाचे मेंबर झाले होते. हा क्लब आपल्या मेंबरांना दरसाल समुद्रात फिरवून आणायचा. त्या जहाजावर दुसऱ्या कुणाला पाय ठेवता येत नाही, असं शिवप्पा अडतीवर बसून सगळ्यांना ऐकवत होते. आता त्यांनी अप्पांचंही नाव दिलं होतं. क्लबानं दोघांना जोडीनं लातूरच्या एका हॉटेलात जेवायला बोलावलं होतं.

“अगं, तुला समुद्र बघायचा होता ना?” अप्पा म्हणाले.

महानंदानं पदराला हात पुसून कागद घेतला. लग्न झाल्यापासून ती समुद्र बघायचा म्हणत होती आणि अप्पा दरवर्षी “पुढच्या साली” म्हणत होते. तिचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. तिनं तो कागद चुलीच्या उजेडाला धरून पाहिला. आत एका चित्रात टेबलाशी बसलेली एक बाई होती आणि तिला पांढऱ्या कपड्यातला माणूस अदबीनं वाढत होता. महानंदाची नजर जहाजावरून निघाली ती त्या चित्रावर येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी तिनं कोनाड्यातून कागद दिलशादला दिला. “लई पैसे हायेत गं. रक्कम ऐकली तर घेरीच येती. पर बघ की, चार दिवस कुनी आयतं वाढंल. चूल न्हाई, भांडी न्हाई. माझ्या हातावर कुनी पानी घालंल. एकदा तरी पाहुनी होऊन बघावं वाटतंय.”

“मग जावा की अक्का,” दिलशाद म्हणाली. “उमर काय थांबती का? पैशे येत्यात, जात्यात. माझ्यासाठी एक शिंपला आना, बस.”

किंमत मी तुम्हाला सांगत नाही. तांब्याला त्यातलं काय कळतं? एवढं खरं की घरात बरेच दिवस त्याचाच विचार चालला. अप्पा कधी म्हणायचे, आयुष्यभर कमावलं ते कशासाठी? कधी म्हणायचे, दर साली भरायचं म्हणजे दावणीला बांधून घेण्यासारखंच की. महानंदा मान डोलवायची आणि रात्रीच्या भाकऱ्या थापायची.

जेवणाचा दिवस उजाडला. आता इथे आमच्या माणसांनी केलेली गंमत ऐका. त्या साली आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेवर छापायचे, ‘येताना पिण्याचे पाणी सोबत आणावे.’ यजमानाच्या पाण्यावर भार टाकायचा नाही, अशी रीतच पडून गेली होती. हॉटेलात जेवायला जायचं तर पाणी न्यायला नको का? महानंदानं मला पिशवीत घालायला काढलं, पण घरचा टँकर आला नव्हता. दिलशादनं आपल्या घागरीत खालपर्यंत वाटी घातली आणि मला काठोकाठ भरून दिलं. “रिकाम्या हातानं कशाला जाता?” ती म्हणाली.

लातूरच्या त्या हॉटेलच्या दारात थंडगार हवा होती आणि मोठमोठ्या कुंड्यांत हिरवीगार झाडं होती. दारावर भीमा नावाचा पहारेकरी उभा होता. त्यानं पिशवी उघडून मला बाहेर काढलं.

“मावशी, बाहेरचं पानी आत न्यायचं न्हाई. क्लबाचा नियम हाय. त्या कुंडीत ओता.”

महानंदानं मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. “ओतू? बाबा, हे दिलशादच्या घागरीचं तळाचं पानी हाय.”

अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, “अगं ओत की. लोक बघून राहिलेत.”

भीमा तिच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या खुर्चीखाली एक बाटली होती, ती रिकामी होती. महानंदाच्या ते लक्षात आलं. तिनं झाकण फिरवून काढलं, पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. तो भिंतीकडे तोंड करून प्यायला. उरलेलं तिनं त्याच्या बाटलीत ओतलं. मग मी रिकामा आत गेलो. नियम मोडला नाही आणि थेंबही सांडला नाही.

आत पडद्यावर जहाज चाललं होतं. मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही, जहाज देखणं होतं. त्याच्या माथ्यावर निळ्या पाण्याचा हौद होता आणि त्यात माणसं नुसती मजा म्हणून डुंबत होती. महानंदा डोळे विस्फारून बघत होती. टाय लावलेला एक गोड बोलणारा माणूस आमच्या टेबलाशी येऊन बसला.

“काका, हे सगळ्यांसाठी नाही. हीच तर याची खासियत आहे. मेंबर नसेल तो चढूच शकत नाही.”

“माझी शेजारीन आली तर?” महानंदानं विचारलं.

“मेंबर असतील तर जरूर.”

“आन् पानी?”

“पाणी, जेवण, खोली, सगळं आपापल्या दर्जाप्रमाणे. सोनेरी कार्ड असेल तर आधी तुम्हाला, मग चंदेरीवाल्यांना.”

“दर्जाप्रमानं पानी?” ती स्वतःशीच म्हणाली.

अप्पांच्या हातात पेन होतं. तो माणूस सांगत होता की ही सवलत फक्त आजच आहे. अप्पांनी महानंदाकडे पाहिलं.

“काय गं? तुला जायचं न्हाई का? मी तुझ्यासाठीच तर करून राहिलो.”

“माझ्यासाठी, का शिवप्पाला दाखवायला?” ती अगदी हळू बोलली. मी तिच्या मांडीवर होतो म्हणून मला ऐकू आलं. “मला समुद्र बघायचाय वो. मेंबर न्हाई व्हायचं.”

अप्पांचा चेहरा पडला. त्यांनी एकदा पडद्यावरच्या जहाजाकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. टायवाला पुन्हा म्हणाला, “काका, आजच ठरवा, उद्या ही संधी नसेल.” तेव्हा अप्पा म्हणाले, “समुद्र कुठं जातोय का बाबा उद्या?” आणि ते उठले.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. महानंदानं खिडकीकडे तोंड केलं होतं आणि तिचे डोळे भरले होते. शहाणपणाचं बोलून गेली खरी, पण हातातोंडाशी आलेला समुद्र तिनंच परत पाठवला होता. आता पुन्हा “पुढच्या साली” सुरू होणार हे तिला ठाऊक होतं. तिचं एक आसू माझ्या झाकणावर पडलं. रिकामा झाल्यावर त्या दिवशी मला लागलेलं तेवढंच पाणी.

त्या साली पावसानं मात्र दया केली. धरणं भरली, कोनाड्यातून पुन्हा वरण जाऊ लागलं. समुद्राचा विषय घरात कुणी काढला नाही. दसरा झाला आणि एके दिवशी अप्पांनी रेल्वेची तिकिटं ओट्यावर ठेवली. तिकिटं तिघांची होती.

“दिलशादला सांग, शिंपला स्वतःच वेचून आन म्हनावं,” ते म्हणाले आणि लगेच दुकानाला निघून गेले. त्यांना असलं बोलून थांबायची सवय नव्हती.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते. तिकीट काढलं की कुणीही चढावं. आमच्याबरोबर कोळणी होत्या, त्यांच्या पाट्या होत्या, मोटारसायकली होत्या आणि एक शेळीसुद्धा होती. लाँच हलली आणि महानंदानं कठडा घट्ट धरला. चहूकडे पाणी. ज्या बाईनं उन्हाळाभर वाटी-वाटीनं पाणी मोजलं होतं, ती ते नुसतं बघत राहिली. दिलशादनं तिचा पदर धरला होता. दोघी हसत होत्या आणि रडतही होत्या.

अप्पांची मात्र फजिती झाली. लाटांनी त्यांना मळमळायला लागलं, तोंड लिंबासारखं पिवळं पडलं. एका कोळणीनं विचारलं, “ताई, त्यांना पाणी आहे का?” माझं झाकण उघडलं. अप्पा प्यायले. मग कोळणीनंही मागितलं, ती प्यायली.

जरा बरं वाटल्यावर अप्पांनी भाकरीचं गाठोडं सोडायला घेतलं. महानंदा सवयीनं पुढे सरकली, वाढायला. अप्पांनी तिचा हात बाजूला केला.

“बस तू.”

त्यांनी मला उचललं. कुणाच्या हातावर पाणी घालायला कधी धरलं नव्हतं, म्हणून जरा वेडावाकडाच धरला. मला तिरपा केला आणि म्हणाले, “हात पुढं कर.”

ती बघतच राहिली. मग तिनं दोन्ही हात पुढे केले. मी माझ्याकडून होईल तेवढी बारीक धार सोडली. एवढ्या वर्षांत इतक्या हातांवर पाणी घातलं, पण ज्या हातांनी मला रोज तिरपं केलं, त्या हातांवर पहिल्यांदाच. ती हात चोळायचं विसरली. लाँच हलत होती, म्हणून निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी कपाटात नाही. ओट्यावर असतो. दिलशादनं किनाऱ्यावर वेचलेला शिंपला मात्र भिंतीतल्या त्या आरपार कोनाड्यात ठेवलाय, तो दोन्ही घरांना दिसतो. तुमच्या घरातही रोज सगळ्यांना वाढणारं कुणीतरी असेल. एकदा त्यांना बसवा आणि त्यांच्या हातावर पाणी घाला. त्यासाठी कुठल्या क्लबाचं मेंबर व्हावं लागत नाही. आणि माझ्यासारखा एखादा जुना तांब्या कपाटात सापडला, तर त्याला बाहेर काढा, पाण्यानं भरा. फक्त झाकण आट्यांशी जुळवून हळू फिरवा, कारण आम्ही आता म्हातारे झालो आहोत.