सीडीवरचा धवळा

उलव्याच्या जमिनींवर आमचा दयाराम बिल्डर झाला आणि मग, बांधायला काही उरलं नाही म्हणून की काय, आगरी बोली वाचवू लागला. बोली बचाव समितीचा तो अध्यक्ष. भाषणं अर्थातच पुस्तकी मराठीत करतो. मी त्याचा थोरला भाऊ, निवृत्त ग्रंथपाल. समितीत मी का आहे, हे मलाही नीट सांगता यायचं नाही.

आमच्यात धवलारीण धवळा, म्हणजे लग्नाचं गाणं, गाते, तेव्हाच नवरीला हळद लागते. पनवेलकडे आता भामाबाय एकटीच उरली असावी. मागे दयारामच्या मुलाच्या, कुंदनच्या, लग्नात समितीने तिचं गाणं टिपलं, सीडी काढली, तिला शाल दिली आणि धवळा वाचल्याचं जाहीर केलं.

मग दयारामच्या मुलीचं, पूर्वीचं, लग्न ठरलं. तिला हळदीला सीडी नको होती, भामाआजी हवी होती. बापाला सांगायचं काम तिने माझ्यावर टाकलं. मी सांगितलंही, पण इतक्या हळू, की दयारामने माझ्यासाठी चहा मागवला.

हळदीच्या दिवशी पूर्वी पाटावर बसली. भामाबायला पाहुणी म्हणून पुढची खुर्ची मिळाली. सीडी लागली. आवाज फार स्वच्छ होता. फक्त धवळ्यात नवरानवरीची नावं गुंफलेली असतात, हे समितीच्या ध्यानात राहिलं नव्हतं. स्पीकरने पूर्वीला कोमल म्हटलं आणि कुंदनच्या नावाची हळद लावली. खरी कोमल, कुंदनची बायको, पोर कडेवर घेऊन समोरच उभी होती. वरपक्षाची माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

दयारामने भामाबायपुढे माइक धरला. "नावां तेवरी तुमी घ्या. बाकी सीडी हाय."

"नावां घ्याला मी काय रेशनच्या दुकानान बसलीय?"

पूर्वी पाटावरून उठू लागली.

"दयाराम, ती सीडी बंद कर," मी म्हणालो. माइक जवळच असल्याने ते हॉलभर ऐकू गेलं. मी घाबरून खुर्चीच्या मागे सरकलो.

सीडी थांबली. तांत्रिक अडचणीबद्दल दयारामने शुद्ध मराठीत दिलगिरी व्यक्त केली. भामाबाय खुर्ची सोडून पाटाशी बसली आणि पूर्वी आणि तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन गाऊ लागली. आवाज फाटत होता. कोमलने पोर माझ्याकडे दिलं, भामाबायच्या शेजारी बसली आणि ओळ धरली. चुकीची धरली. भामाबायने गाता गाताच तिला कोपराने ढोसलं आणि तीच ओळ पुन्हा घेतली.