शोभेचा टेबल सॉ

बापूसाहेबांच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी केदारने अमरावतीच्या घराची मागची खोली मोकळी केली. वडिलांचा टेबल सॉ, म्हणजे मधोमध गोल पातं फिरणारं बिडाचं अवजड टेबल, भंगारवाल्याने किलोवर नेला. केदारच्या बहिणीला, चारुशीलाला, हे महिन्याने कळलं. खोलीत वडिलांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या सागाच्या फळ्या तेवढ्या उरल्या होत्या. त्या त्याच पात्यावर कापायच्या, असं तिने ठरवलं आणि माग काढत अकोला गाठलं.

सॉ तिथे धर्मेंद्रच्या दुकानात निघाला. त्याने पाटीवरचं ‘भंगार’ पुसून ‘व्हिंटेज’ लिहिलं होतं. माल तोच; फक्त आता त्यावरची धूळ पुसत नसत.

“इंग्रज साहेबाचा पीस आहे, ताई. चिखलदऱ्याच्या बंगल्यातला. साहेब लई शौकीन होता!”

साहेबाने टेबलावरच्या मापाच्या पट्टीच्या कडेला कानशीने मराठी आकडे का कोरले असावेत, हे तिने विचारलं नाही. खरं सांगितलं असतं तर त्याने सांत्वन करून भाव वाढवला असता.

“पण तुमी उशीर केला. या मॅडमचं पक्कं होऊन राहिलं.”

पुण्याहून आलेली जुईली कॅफेंची सजावट करायची. “वर काच टाकली की चौघं आरामात कॉफी पितील,” ती म्हणाली.

“चालतो का हा?” चारुशीलाने विचारलं.

“चालवून काय करता? बंद आहे म्हणून तं अँटिक आहे! चालू असता तं सुताराले नसता इकला?”

“एकदा बटण दाबून बघते.”

“दाबा ना. मेलेल्याची नाडी पाहून काय भेटते!”

तिने बटण दाबलं. मोटर नुसती गुणगुणली. धर्मेंद्र मॅडमकडे पाहून समाधानाने हसला. चारुशीलाने कोपऱ्यातली एक काठी घेतली, लांब उभं राहून पट्ट्याच्या चाकाला हलकेच ढोसलं. वडील रोज असंच करायचे. पातं गरगरलं. गंजाचा तांबडा भुगा जुईलीच्या पांढऱ्या कुर्त्यावर उडाला.

“हा चालतो?” जुईली मागे सरकली. “मला ऑथेंटिक पीस हवा होता!” आणि ती गाडीकडे निघाली.

“काय करून बसल्या, ताई!” धर्मेंद्र कळवळला. “चांगल्या अँटिकचं मशीन करून टाकलं तुमी!”

“मग आता सुताराच्या भावात द्या.”

तिने बटण बंद केलं. पातं फिरतच होतं. भुगा झटकायला धर्मेंद्रने हात पुढे केला.

“पूर्ण थांबेपर्यंत हात घालायचा नाही!”

तो दचकून थबकला. तीही; आवाज तिचा, वाक्य वडिलांचं होतं. पात्याचे दाते एकेक करून दिसू लागेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.

“घेऊन जा,” तो शेवटी म्हणाला. “सुताराच्या भावात. पण काय हो, ताई, तुमाले हे मशीन आधीपासून मालूम होतं काय?”

“हो.”

पुढचं ऐकायला तो थांबला. तिने टेम्पोवाल्याला फोन लावला.