शेवटच्या कोंबाची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, जन्माने मी जॅमची. जॅम संपला आणि माझी नेमणूक एका प्रयोगशाळेत झाली. तिथे मला वाफेत तापवून माझ्यात पारदर्शक जेली भरत. त्या जेलीवर झाडाच्या कोंबाचा कणभर तुकडा ठेवला, की तो वाढतो आणि एकाची शेकडो रोपे करता येतात. बाहेरची हवा तेवढी लागता कामा नये, नाहीतर जेलीवर बुरशी धरते. झाकण घट्ट धरून बसणे, हीच माझी नोकरी.

एके दिवशी औषधी मुळ्या विकणाऱ्या एक आजी फडक्यात गुंडाळून एक कंद घेऊन आल्या. खोकल्यावरचे हे झाड पूर्वी डोंगरभर होते. आजींनी आणि त्यांच्यासारख्यांनी ते खणून खणून संपवले. हा शेवटचा कंद होता.

"माझ्याच हातानं संपवलंय, ताई. आता तुमच्या हातानं वाचवा," आजी म्हणाल्या.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी कंदाचे सगळे कोंब औषधाने धुऊन वीस बरण्यांत लावले. एकोणीस बरण्यांत बुरशी आली. विसावी मी. माझ्यातला कोंब तगला, त्याला दोन पाने फुटली. मला गर्व झाला, खोटे कशाला सांगू? ताई मला तळहातावरच्या फोडासारखे जपत. सोमवारी त्या या रोपाचे तुकडे दहा बरण्यांत लावणार होत्या.

शुक्रवारी आजी बघायला आल्या. ताई फोन घ्यायला पलीकडच्या खोलीत गेल्या, तेव्हा आजींनी मला उचलून डोळ्यांजवळ धरले.

"किती दिवस कोंडून ठेवलंय गं तुला, पोरी. जरा वारा लागू दे."

त्यांनी झाकण उघडले, पानांवर हलकेच फुंकर घातली आणि झाकण पुन्हा नीट लावले. मला ओरडता आले नाही.

सोमवारी जेलीवर पांढरी बुरशी होती. ताईंनी नाना उपाय केले. गुरुवारी पाने काळी पडली. झाकणावरचे मातकट बोटांचे ठसे ताईंनी पाहिले होते, तरी आजी आल्यावर त्या म्हणाल्या, "बरणीलाच तडा होता, आजी."

खापर माझ्यावर फुटले. मला साधा ओरखडाही नव्हता, पण मी रागावले नाही. आजींनी मला हातात घेतले आणि काचेवरून सगळीकडे बोट फिरवून पाहिले. मग मला टेबलावर ठेवून त्या खाली बसल्या. त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत.

आता मी खिडकीत पेन सांभाळते. फार वाईट वाटते. मित्रांनो, झाडे डोंगरभर असतात तेव्हाच त्यांना जपा. एका बरणीपुरती उरली, की त्यांच्यावर मायेने फुंकरही घालता येत नाही.