ओव्या अडवणारा डबा

मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर, मित्रांनो, तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल; पण माझ्यात शेंगांची चटणी नाही. माझ्यात तारा आहेत, हिरवे दिवे आहेत आणि एक कुरकुर करणारा पंखा आहे. माझे मालक निंगप्पा मोठ्या कंपनीकडून इंटरनेट घेतात आणि जुळे सोलापुरातल्या आठशे घरांना वाटतात. ते घरोघरी जातं ते माझ्या पोटातून. कुणाला पळू द्यायचं आणि कुणाला रांगायला लावायचं, हे माझं काम.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. थर्माकोल दूर झाला तेव्हा पहिल्यांदा दिसला तो मालकांचा घामेजलेला चेहरा. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की ऑफिसातले फोन घणघणू लागत. मालकांच्या पत्नी लीलाबाई ते उचलत. कुणाचा ऑनलाइन क्लास अडकलेला, कुणाची मॅच. लीलाबाईंच्या घशाला कोरड पडायची.

मालकांनी कारण शोधलं. काही घरांत टोरंट चालायचं. टोरंटमध्ये मोठी फाइल एकाच जागेवरून आणत नाहीत. ज्यांच्याजवळ तिचे तुकडे असतील त्या सगळ्यांकडून थोडे थोडे घेतात, आणि आपल्याला मिळालेले तुकडे दुसऱ्यांना देत राहतात. पंगतीत जेवणाऱ्यानेच वाढायलाही उठावं, तसं. बरेच जण त्यावरून फुकटचे सिनेमे उतरवतात हे खरं, आणि त्यापायी बाकीची घरं रडकुंडीला येतात हेही खरं.

तेव्हा मालकांनी मला नियम शिकवला. जे घर एकाच वेळी दहाबारा ठिकाणांशी बोलेल, त्याला गोगलगायीच्या चालीने सोडायचं. तुकड्यांच्या आत काय आहे ते बघायचं नाही. मला ते दिसतही नाही. पण मी नियम असा पाळला की आठवड्यात फोन थंडावले. खंडेनवमीला मला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. मी फुगलो. खोटं कशाला सांगू?

माझ्या लेखी सगळ्यात मोठं चोरांचं घर होतं ऋतुजाचं. दिवसभर त्या घरातून तुकडे बाहेर जायचे आणि मी त्यांचा गळा आवळायचो.

एका उन्हाळ्यात ही ऋतुजा तावातावाने ऑफिसात आली.

"काका, माझं नेट तुमी बांधून ठेवलंय का?"

मालक हसले. "टोरंट बंद करा, आपोआप सुटतंय. फुकटचे सिनेमे पचत न्हाईत, बाई."

"सिनेमे न्हाईत. आमच्या आजोबांच्या ओव्या हायत."

मग तिने सगळं सांगितलं. तिचे आजोबा धुळा होटगीकडचे मेंढपाळ. मेंढरांमागे हिंडताना शिकलेल्या धनगरी ओव्या त्यांनी सात दिवस बसून तिला रेकॉर्ड करू दिल्या. त्यांची अट एकच होती. बाजारात मांडायच्या नाहीत. मागेल त्याला द्यायच्या, आणि घेणाऱ्याने पुढे देत राहायचं. म्हणून ऋतुजाने टोरंट धरलं. सतरा जण घेऊ लागले. पुढे आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. गेल्या आठवड्यात लाइटचा दाब वाढला आणि ऋतुजाचा कॉम्प्युटरही जळाला.

"आता आमच्याकडं एक ओळ सुदिक न्हाय," ती म्हणाली. "सतरा जणांकडं तुकडे हायत. पुऱ्या कुणाकडंच न्हाईत, कारण हितनं कदी नीट गेल्याच न्हाईत. मैत्रिणीचा कॉम्प्युटर घरी आणून परत गोळा करायला बसले, तर येतबी न्हाईत."

मालक जरा नरमले. "मशीनला काय कळतंय, कोण चोर आन् कोण साव?"

"मग कळत न्हाय त्याला नाक्यावर कशाला बसवलं?"

मित्रांनो, हे मला फार झोंबलं. आजोबांचा आवाज घरी परतत होता आणि वाटेत मी आडवा पडलो होतो.

लीलाबाई फोनजवळून म्हणाल्या, "दुपारी लाइन मोकळीच असती की. एवढ्या उन्हात लोक झोपत्यात. बारा ते चार सोडा तिला."

"चार दिवस," मालक म्हणाले. "पाचव्या दिवशी पयल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला माझा नियम सैल झाला आणि तुकडे येऊ लागले. त्या सतरांपैकी वैरागच्या आदिनाथकडून आले, पुण्याहून आले, आसामात असलेल्या एका जवानाकडूनही आले. एवढ्या मोकळेपणाने मी कधी श्वास घेतला नव्हता. तिसऱ्या दिवशी सत्त्याण्णव टक्के भरले. मग तुकडे थांबले. चौथ्या दिवशीही हलेनात.

अडीच वाजता ऋतुजा ऑफिसात येऊन बसली. डोळे सुजलेले. "सोळा जणांना फोन केला. शेवटचे तुकडे कुणाकडंच न्हाईत. सतरावं कोण, त्येच कळत न्हाय. नाव न सांगता घेतलंय."

लीलाबाई उठल्या. कोपऱ्यातल्या ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

"अवो, रागावू नका. सतरावी मीच. माहेरी दुधनीला आमच्या रानात त्यांची मेंढरं बसायची, तवा धुळामामांच्या ओव्या आईनं लई ऐकल्यात. तिच्यासाठी घेत हुते. तुमी रोज चोर चोर म्हणून वरडायला लागला, मग भिऊन बंद केलं."

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या ऑफिसातून चोरांवर नजर ठेवायची, तिथेच त्यांना चोर सापडला होता, आणि ती त्यांचा चहा करत होती!

"लाव की मग," ते एवढंच म्हणाले.

कॉम्प्युटर म्हातारा, तुकडे हळूहळू येत होते. चार वाजले. नियमाप्रमाणे मला पुन्हा गळा आवळायचा होता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नियमच पुसून टाकला. संध्याकाळी फोन घणघणले. ते त्यांनी स्वतः उचलले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आजचा दिवस दम खा की जरा."

सव्वासहाला शेवटचा तुकडा माझ्या पोटातून गेला.

तासाभराने ऋतुजाचा फोन आला. लीलाबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"आजोबांनी पयली ओवी डोळे मिटून ऐकली. दुसरी लागली, तर बोट माझ्याकडं. मला कळंना. मग बाबा म्हणले, अगं, ते म्हनतायत तू उचल. एकानं म्हनायची आन् दुसऱ्यानं उचलायची असती ओवी."

"मग?" लीलाबाईंनी विचारलं.

"उचलली. लई चुकले. त्यांनी पुन्ना लावायला लावली."

मालकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

आता माझा नियम बदलला आहे. संध्याकाळी गर्दीच्या वेळी मी सगळ्यांनाच थोडं थोडं आवरतो. बाकी दिवसभर वाट मोकळी. ओव्या रोज जातात. माझे दिवे मंदावले आहेत, पण मी सुखात आहे.

मित्रांनो, माझ्या जाळीवरची धूळ पुसत जा, एवढंच सांगून थांबणार होतो. पण तुम्हीही मोठे झाल्यावर कुठल्या ना कुठल्या नाक्यावर बसाल. तिथे कुणाला अडवण्याआधी, काय नेतोस बाबा, एवढं विचारा. मला विचारायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.