ज्या घरात मासा शिजत नव्हता

"मासे तुम्ही मारले, सर. आमच्या आप्पांनी न्हाय. तुम्ही. आणि मारून वर हसलासा."

विद्याश्री हे वाक्य दसऱ्यापासून तोंडात घोळवत होती. स्कूटरवर, लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावताना, भाकरी थापताना. एकदा परातीत हात आपटला तेव्हा अव्वानं, तिच्या आईनं, विचारलंच, "त्या पिठानं काय घोडं मारलंय गं तुझं?" पिठानं काहीच केलं नव्हतं. ज्यानं केलं होतं तो माणूस कळंब्याच्या रस्त्याला बंगल्यात बसून लोकांना अक्कल वाटत होता.

राजारामपुरीतल्या ह्या लिंगायताच्या घरात मासे आले तेव्हा गल्लीत चेष्टेला ऊत आला होता. लॅबमधली नसरीन तर रोज छळायची. "विद्या, एवढी मोठी काचेची हंडी भरून मासे हायत, आणि मैत्रिणीला वाटीभर रस्सा न्हाय व्हय?"

"बघायचे मासे हायत ते, खायचे न्हवंत."

"बघून पोट भरत असतं तर मी रोज तुझ्या डब्याकडं बघून जेवलो नसतो का!"

पण टाकीसमोर उभी राहिली की नसरीनही चेष्टा विसरायची. खाऱ्या पाण्याची टाकी. समुद्र घाटापलीकडं लांब, आणि इथं भिंतीशी त्याचा एक तुकडा हलतोय. त्यात नारिंगी अंगावर पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी होती. मादी थोराड, नर तिच्या मागं मागं. अव्वानं त्यांची नावं ठेवली होती पाटलीण आणि पाटील. "घरात कुणाचं चालतंय ते बघून घ्या," असं ती आप्पांना ऐकवायची.

ही टाकी विद्याश्रीनं कैक वर्षं हातानं चालवली. सकाळी चहाच्या आधी काचेवर तळहात ठेवायचा. पाणी गार लागलं तर हीटरकडं बघायचं, कोमट लागलं तर टेबलफॅन लावायचा. हवेनं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज खुणेपर्यंत गोडं पाणी ओतायचं. मग दोन मिनिटं नुसतं बघायचं, कोण खातंय, कोण रुसलंय. झालं. एवढंच शास्त्र. पण ते एक दिवसही चुकवलं नाही.

आता सरांविषयी. शहरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांचा एक ग्रुप होता, आणि ग्रुपला एक सर होते. कसले सर, कुणाचे सर, कुठल्या शाळेचे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बाहेरून येणारा मासा, प्रवाळ, समुद्री मीठ, सगळं त्यांच्या हातून यायचं. ज्याच्या हातात पाण्याचा नळ, त्याच्या तोंडात वेद. एक दिवस त्यांनी ग्रुपवर फतवा काढला. टाकी हातानं चालवणं म्हणजे मुक्या जिवांचा छळ आहे. यापुढं ज्याच्याकडं कंट्रोलर नाही, त्याला माल मिळणार नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी गोल्डफिश पाळावेत.

कंट्रोलर म्हणजे भिंतीवर बसवायची एक पेटी. तिची एक वायर पाण्यात, वायरीच्या टोकाला पेन्सिलीएवढी स्टीलची कांडी. ती कांडी पाण्याची उष्णता मोजते. पेटी त्यावरून हीटर चालू करते, बंद करते, फॅन लावते, आणि मोबाईलवर आकडा दाखवते.

विद्याश्रीनं घेतला. का घेतला? भीतीनं. एवढी वर्षं टाकी नीट चालवलेल्या बाईला एका मेसेजनं वाटायला लावलं, की ती खाटीक आहे.

बसवायला सर स्वतः आले. चहा घेतला, टाकीकडं बघून नाक मुरडलं, आणि हीटर हातात घेतला. हीटरच्या डोक्यावर चकती असते. ती जिथं लावाल तेवढं पाणी तापलं की हीटर आपला आपण बंद होतो. सर म्हणाले, "ही चकती शेवटपर्यंत फिरवा. आता ठरवणार कंट्रोलर. एका टाकीला दोन मालक नकोत."

"आणि कंट्रोलर चुकला तर, सर?"

सर हसले. "मॅडम, चुकतो तो माणूस. आणि एक, ते काचेला रोज हात लावणं बंद करा. खेडवळपणा आहे तो. मोबाईल बघत जा."

तिनं चकती शेवटपर्यंत फिरवली. लॅबमध्ये रोज सकाळी रक्ततपासणीच्या मशीनला आधी परीक्षा द्यायला लावतात. ज्या नमुन्याचं उत्तर माहीत आहे तो घालायचा, मशीन बरोबर बोललं तरच पेशंटचं रक्त. हे काम विद्याश्रीच करायची. तरी सरांसमोर तिची जीभ उचलली नाही. चार बुकं जास्त शिकल्याचा आव आणणारा माणूस समोर आला की आपल्याला आपलंच शहाणपण चोरीचं वाटायला लागतं. ह्याबद्दल तिला सरांपेक्षा स्वतःचाच राग जास्त होता.

आप्पा मात्र त्या पेटीवर खूश झाले. सिद्धलिंग आप्पांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. उभा जन्म लोखंड मापण्यात गेलेला. स्टीलची ती कांडी बोटांत धरून म्हणाले, "विद्या, मापाचं हत्यार हाय बघ हे. काय फिनिशिंग हाय! ह्याचा मान ठेवला पाहिजे."

आणि आप्पांनी मान ठेवला.

खंडेनवमीला त्या घरात हत्यारांची पूजा असते. वर्कशॉपमधली मापाची हत्यारं घरी येतात, घरातली कात्री, विळी, पाना, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतात, विभूतीची तीन बोटं ओढतात, झेंडूची फुलं वाहतात. त्या दिवशी हत्यारानं राबायचं नाही, विसावा घ्यायचा. एकदा मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही.

विद्याश्री सकाळी लॅबला गेली, आणि आप्पांनी पूजा मांडली. स्टीलची कांडी पाण्यातून काढली, धुतली, फडक्यानं पुसली. वायर तोडायची कशी? म्हणून त्यांनी पाटच टाकीपाशी ओढला. कांडी मधोमध, मानाच्या जागी. तीन बोटं विभूती. वर फुलं.

बाहेर पाऊस लागला होता, हवेत गारवा होता. फुलांखाली पडलेली कांडी पेटीला सांगत होती, गार आहे, गार आहे. पेटी हीटरला सांगत होती, ताप. हीटरची चकती शेवटाला. त्याला थांब म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

दुपारी विद्याश्री आली. मोबाईल बघितला. चोवीस अंश, हीटर चालू. तिला बरंच वाटलं, गारठ्यात यंत्र काळजी घेतंय. पाट फुलांनी झाकलेला, त्याखाली काय ते दिसलं नाही. काचेला हात लावला नाही. खेडवळपणा! ती पुरण वाटायला गेली.

दिवेलागणीला आरतीसाठी सगळे जमले, तेव्हा अव्वानं नाक वर केलं. "विद्या, वास कसला गं येतोय? खारट. उकडल्यागत."

त्या घरात तो वास कुणाला ओळखीचा नव्हता. विद्याश्री टाकीकडं वळली. पाणी गढूळलेलं. काचेवर तळहात ठेवला आणि तिला तापानं फणफणलेल्या लेकराचं कपाळ आठवलं. पाटलीण वर तरंगत होती, आडवी. बाकीचे वाळूवर. एकटा पाटील कोपऱ्यात पृष्ठभागाशी तोंड उघडत होता. तिनं प्लग उपटला, पाटलाला बादलीतल्या गार खाऱ्या पाण्यात सोडलं. मोबाईल तिथंच पडला होता. चोवीस. सगळं ठीक.

ज्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नव्हता, त्या घरात खंडेनवमीला मासे शिजले.

वायरीचा माग काढत ती पाटापर्यंत गेली. फुलं बाजूला केली. आप्पा मागंच उभे होते. त्यांना सांगावं लागलं नाही. माप करणाऱ्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. ते खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "माझ्या हातानं जीव गेले व्हय गं?"

विद्याश्रीनं पाटाचा फोटो काढून सरांना पाठवला. पाटील जिवंत होता अजून, त्याला कसं वाचवू, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही. तो फोटो मात्र तासाभरात ग्रुपवर आला. खाली सरांचं वाक्य, 'कंट्रोलरची आरती! घरातल्या अडाणी मंडळींना टाकीपासून लांब ठेवा.' आणि त्याखाली हसून लोळणारी पिवळी तोंडं. मोजायला गेलं तर बोटं पुरली नसती.

पाटील वाचला, तिनं एकटीनं वाचवला. आप्पा नाही सावरले. दसऱ्याला वर्कशॉप उघडलं नाही. त्यानंतरही नाही. मापाची हत्यारं पाटावरून उचलून कपाटात गेली ती गेलीच. "माझा हात लागू नये कशाला," म्हणायचे. अव्वानं जेवणावरून भांडून बघितलं, मग भांडायचंही सोडलं.

रविवारी सरांच्या बंगल्यात ग्रुपची बैठक होती. विद्याश्री म्हणाली, "आप्पा, कळंब्याला जाऊन यायचंय. मागं बसा." कुणाकडं ते सांगितलं नाही. बंगल्यापाशी आल्यावर आप्पांनी ओळखलं, आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. "तू जा बाई. मला आत नेऊ नको."

आत खुर्च्या भरलेल्या. भिंतीवर मोठा टीव्ही, आणि टीव्हीवर तो फोटो. विभूती, झेंडू, कांडी. सर छडी लावून समजावत होते, काय करू नये. हशा चालू होता. विद्याश्री सरळ पुढं गेली, पिशवीतून हीटर काढला आणि सरांच्या टेबलावर आपटला.

"ही चकती बघा. कुठवर फिरवलीय?"

सर म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो—"

"दुःख राहू द्या. चकती बघा."

"मुद्दा सेन्सर कुणी बाहेर काढला हा आहे."

"आप्पांनी काढला. मी न्हाय म्हणत न्हाय. वायर उंदरानं ओढली असती, मोलकरणीच्या फडक्यात अडकली असती, तरी हेच झालं असतं. ही चकती नेहमीच्या जागेच्या जरा वर ठेवली असती तर हीटर आपसूक थांबला असता. मासे तुम्ही मारले, सर." मग ती खुर्च्यांकडं वळली. "तुमच्यातल्या कुणाकुणाची चकती शेवटाला हाय?"

मग फरशीच्या दुकानातले कुतुबुद्दीनचाचा अवघडत उठले. पिवळी तोंडं पाठवणाऱ्यांत तेही होते. "माझी हाय, बेटी. यांनीच सांगितलंतं." मागून आणखी एक हात वर झाला. मग एक. बघता बघता निम्मी खोली हात वर करून उभी, आणि चाचा फोन कानाला लावून घरी ओरडत होते, "मेहमुदा! टाकीजवळ जा. काचेला हात लावून बघ आधी, गरम हाय का गार!"

सरांनी टीव्ही बंद केला. "म्हणजे तुम्हाला कंट्रोलर नको, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तो भिंतीवरच हाय माझ्या. नव्या हीटरची चकती मागं ठेवलीय मी, आणि रोज सकाळी काचेला हात लावते. यंत्र राबू दे की. पण त्याच्यावर नजर ठेवणारा हात तुम्ही तोडलासा, आणि मग हात न्हाय म्हणून हसलासा."

ती दारापर्यंत गेली आणि बाहेर हाक मारली. "आप्पा, आत या." पहिल्या हाकेला आप्पा उठले नाहीत. दुसरी हाक तिनं अशी मारली की रस्त्यावरचं कुत्रंही उठून उभं राहिलं. आप्पा आले. टोपी हातात, नजर फरशीवर. तिनं त्यांना दंडाला धरून त्या टेबलासमोर उभं केलं, हीटर आणि सर यांच्या मधोमध.

"हे आमचे अडाणी. यांनी लेथ बंद ठेवलाय. यांना वाटतंय, जीव यांच्या हातानं गेले. आता फोटोकडं नका बघू सर, ह्यांच्या तोंडाकडं बघा आणि मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. माझ्या घरात, माझा चहा पिऊन, चकती शेवटपर्यंत फिरवा असं कोण म्हणालं? ... खाली काय बघताय? उत्तर द्या!"