शंभर टक्के गुलाबी

अगं, तू नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. आमची ठिणगी माहितीये ना, संगीताच्या मासिकाची मुखपृष्ठं करते ती? तिच्या ऑफिसात जुनी मुखपृष्ठं भिंतभर लावलीयेत. बाप्ये सगळे काळ्या-लालात, आत्ता खाऊ की मग खाऊ असे बघणारे. आणि बायका फिक्या गुलाबीत, साबणाच्या वड्यांसारख्या.

या वेळी पानावर होती एक ड्रमवाली बाई. पन्नाशीची, पांढरे केस, तळहातांना घट्टे. फोटो काढताना तिने ठिणगीला एकच सांगितलं होतं, "मला गोड करू नकोस गं पोरी. उभा जन्म बडवण्यात गेलाय माझा." ठिणगीने शब्द देऊन टाकला.

मग काय, केली तिला काळ्या-लालात. संपादकांनी नाक मुरडलं. म्हणाले, बाई कजाग दिसतेय, गुलाबी करून आण. आता गुलाबी म्हणजे शाई किती टक्के, हे सांगायची त्यांना सवयच नाही. आजवर सगळे आपलं आपण समजून फिका रंग देत आलेले. ठिणगीने समजून घेतलंच नाही. गुलाबी शाई नेली थेट शंभरावर, बाकीचे रंग पुसले, चेहऱ्याला तेवढा काळा ठेवला. पान असलं भगभगीत झालं की शेजारचे लोक खुर्च्या सोडून बघायला आले. बाई त्यात पेटल्यासारखी दिसत होती.

संपादकांचा कप ओठांशीच थांबला.

"हे काय आहे?"

"गुलाबी."

"हा राणी रंग झाला."

"मग राणी म्हणा की सर. शोभतंय त्यांना."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि साहेबांचे कान तापले. म्हणाले, मला नाजूक हवा होता. हिने विचारलं, मागच्या अंकातल्या गिटारवाल्याला का नाही केलं नाजूक? त्यावर त्यांनी कप टेबलावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "फिकट कर, नाहीतर दुसरी नोकरी बघ."

आणि तिथेच उभे राहिले गं, तिच्या खुर्चीमागे. घरी आईने रोज बजावलेलं, बाई, तोंडाला कुलूप घाल, घर तुझ्या पगारावर चालतं. पण समोरच्या पडद्यावरून ती ड्रमवाली बाई ठिणगीकडेच बघत होती.

तिने पान छापखान्याला पाठवायचं बटण दाबलं. म्हणाली, "थांबवायचं असेल तर फोन करा. पण का थांबवलं, ते त्या बाईंना तुम्ही स्वतः सांगायचं."

साहेबांनी फोन उचलला. बराच वेळ हातात धरला. मग ठेवला आणि तिला म्हणाले, सामान आवर.

अंक आलाय बाजारात, रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा डोळ्यांत घुसतो. ठिणगी काम शोधतेय, आई बोलत नाहीये तिच्याशी, आणि वर ही ताठ मानेने फिरतेय. आता खरं सांग, तू असतीस त्या खुर्चीत, तर काय केलं असतंस?